धडकी भरवणारं ध्येय कसं धरायचं: नवख्यांसाठी

नवीन काही करायचं ठरवताना बहुतेक माणसं ध्येय लहान ठेवतात. रोज दहा मिनिटं चालेन, जमेल तसं जपानी करेन, वेळ मिळाला तर गाण्याला बसेन. ‘झेपेल तेवढंच धरावं’ हे आपल्याला आजीपासून बॉसपर्यंत सगळे सांगतात आणि ते आपल्या भल्यासाठीच सांगतात. माझं मत मात्र वेगळं आहे. सध्याच्या दिवसात काहीही न हलवता मावणारं ध्येय माणसाला फारसं बदलत नाही. ज्यासाठी उठायची वेळ बदलावी लागते, कुणाला तरी नाही म्हणावं लागतं, कुणासमोर तरी विद्यार्थी होऊन बसावं लागतं, असं ध्येय बदलतं. आणि त्याची भीती वाटतेच. ती पोटात असतानाच कामाला कसं लागायचं, ते इथे सांगतो.

पुणेकरांना याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. धोंडो केशव कर्वे १८९१ पासून फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी विवाह केला आणि त्यापायी बहिष्कार सोसला. १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, पुढे तो शहराबाहेर हिंगण्याला नेला, आणि कॉलेजचे तास सांभाळून ते हिंगण्याची वाट पायी तुडवत राहिले. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभं राहिलं तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. गणिताच्या प्राध्यापकाच्या दिवसात एवढं काम मावणं शक्यच नव्हतं, म्हणून त्यांनी दिवसच नव्याने आखला. आपली ध्येयं त्यांच्या कामाच्या पासंगालाही पुरणार नाहीत, पण दिवस नव्याने आखायचं काम आपल्यालाही चुकत नाही.

१. येणारा मंगळवार लिहून काढा

मनात दोन-तीन ध्येयं घोळत असतील तर ती कागदावर घ्या आणि प्रत्येकासमोर येणारा साधा मंगळवार मांडा. रविवार नको, रविवारी सगळंच शक्य वाटतं. किती वाजता उठणार, हिंजवडीला किंवा खराडीला जाण्या-येण्यात किती वेळ जाणार, स्वयंपाक कोण करणार, मुलांचा अभ्यास कोण घेणार, आणि या सगळ्यात तुमचा तास नेमका कुठे बसणार?

तो तास अलगद बसला तर ध्येय वाढवा. एक-दोन गोष्टी हलल्या, म्हणजे समजा रात्रीची मालिका सुटली आणि झोपायची वेळ साडेअकराची दहा झाली, तर माप बरोबर आहे. झोप पाच तासांवर येत असेल किंवा घरातल्या दुसऱ्या कुणावर सगळं ओझं पडत असेल तर थांबा. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. पहाटे टेकडीवर पळायला येणारे कितीतरी पुरुष घरची सकाळ बायकोवर सोडून आलेले असतात. त्यांच्या शिस्तीचं कौतुक होतं, तिच्या पाच वाजता उठण्याचं कुणाला काही वाटत नाही. आधी घरात बसून कामांची वाटणी ठरवा, मग बूट विकत घ्या.

दुसरी तपासणी अशी: शेवटचा निकाल कुणाच्या हातात आहे? एकवीस किलोमीटर पळणं, पोहायला शिकणं, यमन तासभर मांडता येणं, हे बहुतांशी तुमच्या हातात असतं. स्पर्धा परीक्षेत निवड होणं तसं नसतं. तिथे जागा ठरलेल्या असतात आणि उत्तम तयारीची बरीचशी मुलंही यादीबाहेर राहतात. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये बसलेल्या मुलामुलींना हे मी आवर्जून सांगतो. ‘अधिकारी होणं’ हे स्वप्न खुशाल ठेवा, पण ध्येय म्हणून स्वतःच्या हातातली गोष्ट धरा. उदाहरणार्थ, मुख्य परीक्षेच्या धर्तीवरचा पूर्ण पेपर घड्याळ लावून दर आठवड्याला लिहायचा आणि तो जाणकाराकडून तपासून घ्यायचा. हे पोटात गोळा आणणारंच काम आहे, आणि म्हणूनच ते टाळून पुन्हा पुन्हा वाचत बसण्याकडे कल होतो.

अवघड ध्येयाचा आग्रह नुसता माझा नाही. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांनी यावर अनेक वर्षं काम केलं. ‘जमेल तेवढं चांगलं कर’ असं सांगितलेल्या माणसांपेक्षा नेमकं आणि अवघड लक्ष्य मिळालेली माणसं सरस काम करतात, हा त्यांचा मुख्य निष्कर्ष. त्याला अटी आहेत: माणसाने ते लक्ष्य मनापासून स्वीकारलेलं हवं, ते साधण्याची कुवत हवी, आणि आपण कुठवर आलो हे वेळोवेळी कळायला हवं. दुसऱ्याने लादलेल्या ध्येयाची भीती वाटत असेल तर तिच्यातून काही उगवत नाही.

२. भीतीची फोड करा

‘भीती वाटते’ एवढ्यावर थांबू नका. कसली वाटते ते एकेक ओळीत लिहा.

आमच्या सोसायटीतल्या एका मावशींनी पन्नाशी उलटल्यावर पोहायला शिकायचं ठरवलं. लहानपणी विहिरीत पाय घसरला होता, तेव्हापासून त्या कमरेएवढ्या पाण्यातही उतरत नसत. त्यांनी ध्येय धरलं ते तलावाच्या खोल बाजूने एक लांबी पूर्ण करण्याचं. वहीत त्यांनी लिहिलेली यादी त्यांच्या परवानगीने सांगतो: नाकातोंडात पाणी जाईल. पोशाखात लोक बघतील. सुनेला काय वाटेल. फी भरून मध्येच सोडलं तर. शेवटची ओळ होती, ‘मला जमणारच नाही.’

आता या पाच ओळींना पाच वेगळी उत्तरं लागतात. पहिली भीती खरी आहे आणि तिच्यासाठी शिक्षक, उथळ बाजू आणि जीवरक्षक हवेत. दुसरीसाठी महिलांची वेगळी बॅच. तिसरीचं उत्तर सुनेला विचारूनच मिळणार होतं, आणि ते मिळायला पाच मिनिटं लागली: “आई, मीच सोडते तुम्हाला गाडीवर.” चौथीसाठी आधी एकाच महिन्याची फी. पाचवीला मात्र शब्दांत उत्तर नाही. ती रोजच्या सरावात झिजते.

पहिल्या दिवशी त्या तलावाची लोखंडी शिडी दोन्ही हातांनी इतकी घट्ट धरून उभ्या होत्या की बोटं पांढरी पडली होती. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, “काकू, पोहायचं आज विसरा. शिडी सोडू नका. तोंड पाण्यात घालून फक्त बुडबुडे काढा.” त्या दिवशी तेवढंच झालं. नाकाने पाण्यात श्वास सोडायचा, मान वर करून तोंडाने घ्यायचा. पोहायला शिकणाऱ्या प्रत्येकाचा पाया हाच असतो, पण घाबरलेला माणूस नेमका श्वास कोंडून धरतो आणि छाती भरून आली की धडपडतो. महिनाभरात शिडीवर एकच हात उरला, पुढे तोही सुटला.

तुमची यादी झाली की प्रत्येक ओळीसमोर एक खूण करा: जिवाची भीती, लोकांची भीती, पैशांची भीती, कमी पडण्याची भीती. जिवाच्या भीतीला कधीही हिणवू नका. चाळिशी ओलांडलेल्यांनी, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी, घरात कुणाला लवकर हृदयविकार झालेल्यांनी पळण्याचं किंवा चढाईचं ध्येय घेण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन यावं. व्यायाम करताना छातीत दुखलं, चक्कर आली की तिथेच थांबायचं. यात धीराचा प्रश्नच येत नाही. यादीत नुसती लोकांचीच भीती निघाली तर मात्र बिनधास्त पुढे जा.

३. तारीख बाहेरून घ्या

स्वतः ठरवलेली तारीख स्वतःच पुढे ढकलता येते. त्यामुळे दुसऱ्या कुणी ठरवलेल्या तारखेला स्वतःला बांधून घ्या. पुण्यात अशा तारखा भरपूर आहेत. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून भरते, सहसा डिसेंबरमध्ये. जपानी भाषेची जेएलपीटी परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते आणि पुण्यात तिचं केंद्र आहे. कॉलेजात असाल आणि रंगमंचाची धास्ती असेल तर पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेसाठी कॉलेजच्या संघात शिरा, मग पडद्यामागचं काम का असेना. शास्त्रीय गाणं शिकत असाल तर गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षा आहे. सायकलवाल्यांसाठी ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळात पुरी करायची लांब पल्ल्याची फेरी, आहे: २०० किलोमीटर, वेळ साडेतेरा तास, वाटेत कुणाची गाडी मागे नाही, आपलं पंक्चर आपणच काढायचं.

नाव नोंदवा आणि पैसे भरा. शंभरदा मनाशी ठरवण्यापेक्षा भरलेली पावती जास्त काम करते.

जेएलपीटीबद्दल एक सूचना. या परीक्षेत बोलण्याची चाचणी नसते. त्यामुळे एन-थ्री, म्हणजे तिच्या पाच पातळ्यांपैकी मधली, पास झालेला माणूसही जपानी माणसासमोर गप्प बसू शकतो. तुमची खरी भीती बोलण्याची असेल तर प्रमाणपत्राच्या जोडीला दुसरं लक्ष्य ठेवा: अर्धा तास जपानीतून संभाषण, अडलं तरी मराठी-इंग्रजीकडे न वळता. प्रमाणपत्र लटकवून मूळ भीतीला वळसा घालणं फार सोपं असतं.

४. सुरुवातीला निकाल मोजू नका

लॅथम यांच्याच पुढच्या कामातून आलेली एक गोष्ट नवख्यांच्या फार उपयोगाची आहे. काम पूर्णपणे नवं आणि गुंतागुंतीचं असेल तर सुरुवातीलाच निकालाचं लक्ष्य लावल्याने नुकसान होतं. आकडा गाठायच्या धडपडीत माणसाचं शिकायचंच राहून जातं. तिथे शिकण्याचं लक्ष्य लावावं. म्हणजे ‘पहिल्या महिन्यात पाच किलोमीटर अर्ध्या तासात’ असं न म्हणता ‘पहिल्या महिन्यात दम न लागता पळण्याचा वेग शोधायचा, पाय कसा पडतो ते बघायचं, कुठले बूट टोचतात ते कळून घ्यायचं.’ पहिले सहा ते आठ आठवडे असेच जाऊ द्यात. अंतिम तारीख भिंतीवर असू दे, पण रोजच्या वहीत तिचा हिशोब नको.

५. पायऱ्या बांधा: अर्धमॅरेथॉनचं उदाहरण

एक ध्येय सविस्तर घेतो म्हणजे बाकीच्यांची पद्धत कळेल. समजा तुम्ही आज बसमागे पळालात तरी धापा टाकता, आणि तुम्हाला डिसेंबरमध्ये अर्धमॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटरला थोडं जास्त, पळायची आहे. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते; तिला पहिल्याच वर्षी हात घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

जूनमध्ये सुरुवात केली तर हातात साधारण सहा महिने आहेत. पहिले तीन आठवडे आठवड्यातून चारदा अर्धा तास भराभर चालणं. मग एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं. हळूहळू पळण्याची मिनिटं वाढवायची. वेग बरोबर आहे का ते तपासायला यंत्र लागत नाही: पळता पळता शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करा. नवख्यांचे गुडघे आणि नडग्या दुखतात ते बहुतेक वेळा वेगामुळे आणि अंतर एकदम वाढवल्यामुळे. आठवड्याचं एकूण अंतर मागच्या आठवड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका, आणि दर चौथ्या आठवड्यात ते मुद्दाम कमी करा. स्नायू आणि दम लवकर तयार होतात, स्नायुबंध आणि हाडं सावकाश. मधल्या काळात मन म्हणतं ‘आणखी पळ’ आणि पाय नाही म्हणतात, तेव्हा पायांचं ऐकायचं.

जागा: विद्यापीठाचा परिसर, तळजाई, वेताळ टेकडी. टेकडीची मातीची वाट पायांना डांबरापेक्षा बरी, फक्त पावसाळ्यात निसरडी होते. रविवारी लांबचं पळणं ठेवा. शक्यतो एखाद्या गटाबरोबर जा, पुण्यात पहाटे गटाने पळणारे जागोजागी भेटतात आणि नवख्याला सामावून घेतात.

मधल्या पायरीसाठी सिंहगड घ्या. स्वारगेटहून पायथ्याला पीएमपीची बस जाते. आतकरवाडीपासून पायवाट सरळ अंगावर येते, चढण साधारण ६०० मीटरची. पहिल्या खेपेला तासा-दीड तासापेक्षा जास्त लागला तरी बिघडत नाही. अर्ध्या वाटेवर ताकविक्या मावशी बसलेल्या असतात. तुमच्या चेहऱ्याकडे बघून त्या नेमकं ओळखतात: “बस बाळा, पहिल्यांदाच आलायस ना? शेजारचे आजोबा बघ, दर रविवारी येत्यात.” आणि ते आजोबा खरंच तुम्हाला मागे टाकून गेलेले असतात. तिथे मनात जे येतं, त्याची नोंद घरी आल्यावर करा. लाज वाटली, की आपणही असं चढू असं वाटलं? दुसरं वाटलं असेल तर तुमचं ध्येय योग्य आहे.

मोठ्या चढाया करणारेही पायऱ्याच बांधतात. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे गिर्यारोहक २०१२ मध्ये एव्हरेस्टवर पोहोचले आणि २०१९ च्या मे महिन्यात तिच्या दहा जणांनी ८,५८६ मीटर उंचीचं कांचनजुंगा गाठलं. त्याआधी सह्याद्रीचे कडे होते, हिमालयातली कमी उंचीची शिखरं होती. बातमी फक्त शेवटच्या पायरीची होते, म्हणून नवख्याला वाटतं की ती माणसं वेगळ्याच मातीची.

६. कुणाला सांगायचं

व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर टाकायची घाई नको. पीटर गोलविट्झर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की ‘मला अमुक व्हायचंय’ हा इरादा दुसऱ्याने ऐकून घेतला की माणसं त्यासाठी कमी कष्ट घेतात. ऐकून घेतलं गेल्यानेच आपण ते झाल्यासारखं वाटू लागतं. म्हणून दोनच माणसं निवडा. एक, जिला त्या कामातलं कळतं आणि जी तुमची चूक तोंडावर सांगेल. दुसरं, घरातलं, ज्याच्या वेळापत्रकावर परिणाम होणार आहे. त्यांना ‘मी मॅरेथॉन पळणार’ असं सांगू नका. ‘दर रविवारी संध्याकाळी मला विचार, आज किती पळलास’ असं सांगा.

“आता या वयात?” असं विचारणारे काका प्रत्येक घरात असतात. त्यांच्याशी वाद घालण्यात शक्ती घालवू नये. “हो काका, या वयातच जमतंय,” म्हणावं आणि विषय बदलावा.

७. वाईट आठवड्याची तयारी चांगल्या आठवड्यात करा

ऑफिसात रिलीज असेल, घरात लग्न असेल, गणपतीचे दहा दिवस असतील, खोकला असेल. सराव तुटणारच. गोलविट्झर यांचंच दुसरं संशोधन इथे कामी येतं: ‘अमुक झालं, तर मी तमुक करेन’ असं आधीच नेमकं ठरवून ठेवणारी माणसं इरादा जास्त वेळा तडीस नेतात. तुमच्यासाठी अशी तीन वाक्यं लिहा. पहाटे पाऊस असेल तर मी घरातच जिन्याने वीस मिनिटं चढ-उतार करेन. साडेसातनंतर ऑफिसातून निघालो तर रियाज पंधरा मिनिटांचा, फक्त षड्ज. सलग चार दिवस गेले तर पाचव्या दिवशी निम्मं काम, भरपाई अजिबात नाही. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. बुडालेले दिवस एका रविवारी भरून काढायला गेलेली माणसं पुढच्या रविवारी दुखापतीने घरी असतात.

८. सोडायचं कधी, तेही आत्ताच लिहा

अवघड ध्येयाबद्दल बोलताना हा भाग टाळला जातो आणि त्याची किंमत फार मोठी पडते, विशेषतः स्पर्धा परीक्षेच्या मुलांना. चौथा, पाचवा प्रयत्न ‘इतकी वर्षं घातली आहेत म्हणून’ दिला जातो. गेलेली वर्षं पुढच्या प्रयत्नाचं कारण होऊ शकत नाहीत. म्हणून सुरुवातीलाच, मन शांत असताना, कागदावर लिहा: किती प्रयत्न, कुठल्या तारखेपर्यंत, घरून किती पैसे घेणार, आणि त्यानंतर कुठलं काम करणार. हा कागद आई-वडिलांपैकी एकाला वाचून दाखवा. ते ऐकायला घाबरतील, तरी दाखवा. हाताशी दुसरी वाट आहे हे माहीत असलेली मुलं परीक्षेत कमी धसका घेऊन बसतात, असं मी जवळून पाहिलं आहे.

बाकी ध्येयांना दोन कसोट्या पुरतात. शरीर किंवा झोप महिनाभर सतत बिघडत असेल तर थांबा. आणि तीन महिने नेटाने करूनही त्या कामातला एकही क्षण आवडला नसेल, तर ते ध्येय बहुधा दुसऱ्या कुणाचं तरी आहे, निःशंक सोडा. भीती अजून वाटते एवढ्यासाठी मात्र सोडू नका. आमच्या मावशी खोल बाजूची लांबी पार करून बाहेर आल्या तेव्हाही म्हणाल्या की मध्यावर पोहोचल्यावर पोटात गोळा आलाच होता, पण श्वास चुकला नाही.

९. तारीख झाल्यावर

निकाल काहीही लागो, पुढचे तीन आठवडे नवीन ध्येय धरू नका. या काळात परत एकदा मंगळवार लिहा आणि जुन्या कागदाशेजारी ठेवा. पहाटेचं उठणं, रविवारचा गट, रात्री दहाला मिटणारे डोळे, यातलं काय ध्येय संपल्यावरही ठेवायचं आहे त्याला गोल करा. घरातल्यांनाही विचारा, कारण त्यांचाही दिवस बदलला होता. कामांच्या वाटणीत त्यांना काही बदलायचं असेल तर आता त्यांची पाळी. कदाचित पुढचं ध्येय घरातल्या दुसऱ्या कुणाचं असेल आणि पहाटेचा डबा तुम्ही भराल.